केसांत आणि नखांत उतरणारे विष

१९७१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इराकच्या बसरा बंदरात गहू व जव यांचे सुमारे ९५ हजार टन बियाणे उतरविण्यात आले. त्यापूर्वी त्या देशात सलग अवर्षण पडले होते आणि शेतकऱ्यांपाशी पेरणीपुरतेही धान्य उरले नव्हते. म्हणून मेक्सिकोतील अधिक उत्पन्न देणाऱ्या गव्हाचे बियाणे मोठ्या प्रमाणावर मागविण्यात आले. भारतातील शेतकऱ्यांना हरितक्रांतीच्या प्रारंभी ज्या मेक्सिकन गव्हाची ओळख झाली, त्याच्याच कुळातला हा गहू होता. जमिनीत बुरशी लागू नये म्हणून या बियाण्यास मिथिल पारा असलेले औषध चोळलेले होते आणि ते खाण्याचे नव्हे हे कळावे म्हणून त्यास गुलाबी-नारिंगी रंग दिला होता. पोत्यांवर धोक्याची सूचना छापलेली होती. पण ती स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत.

बियाणे अनेक गावी पोहोचले तेव्हा पेरणी उरकली होती. घरात धान्याची पोती आणि पोटात भूक, अशा स्थितीत रंगीत धान्य धुऊन पाहण्यात आले. रंग निघून गेला. पारा मात्र दाण्यातच राहिला. काही शेतकऱ्यांनी आपल्या परीने परीक्षाही घेतली. त्यांनी ते दाणे प्रथम कोंबड्यांना घातले आणि काही दिवस वाट पाहिली. कोंबड्या धडधाकट राहिल्या, तेव्हा त्या पिठाच्या भाकऱ्या घरोघर भाजल्या गेल्या. मिथिल पाऱ्याची लक्षणे दिसू लागण्यास कित्येक आठवडे लागतात, हे त्यांना कोण सांगणार? डिसेंबर १९७१ च्या अखेरीस रुग्णालये भरू लागली. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, दृष्टीचा आवाका आकसणे, वाचा अडखळणे अशा तक्रारी घेऊन माणसे येत होती. अधिकृत नोंदीप्रमाणे ६,५३० रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी ४५९ दगावले.

वैद्यांपुढील प्रश्न केवळ उपचाराचा नव्हता. कोणाच्या पोटात किती विष गेले, कोणत्या महिन्यात गेले आणि त्यावेळी गर्भारपणाचा कितवा महिना चालू होता, हे समजल्याशिवाय पुढील पिढीवरील परिणामांचा अंदाज बांधता येत नव्हता. रक्ताच्या तपासणीने याचे उत्तर मिळेना, कारण रक्तातील मिथिल पारा सुमारे दोन महिन्यांत निम्म्यावर येतो. जी स्त्री सहा-आठ महिन्यांनी तपासणीस येई, तिच्या रक्ताने मागची हकीकत पुरती सांगितली नसती. ती हकीकत तिच्या लांब केसांत मात्र शाबूत होती. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचे टॉमस क्लार्कसन आणि त्यांच्या इराकी सहकाऱ्यांनी केसांच्या बटांचे मुळापासून सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील पारा मोजला. त्यावरून महिन्यामागून महिना पारा कसा चढला, कळस केव्हा गाठला आणि भाकरी बंद झाल्यावर कसा उतरला, याचा आलेख काढता आला. अशा ८१ माता व बालकांच्या जोड्यांचा पुढे अभ्यास झाला. ज्या मातांच्या केसांत गर्भारपणाच्या काळात पारा अधिक होता, त्यांच्या मुलांत उशिरा चालणे व उशिरा बोलणे अधिक प्रमाणात आढळले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, काही मातांना स्वतःला फारसा त्रास झालाच नव्हता. बालकाचे नुकसान मात्र झाले होते.

केस ही नोंद कशी ठेवतात?

केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनात गंधकाचे प्रमाण बरेच असते, आणि पारा व आर्सेनिक म्हणजे सोमल यांचे गंधकाशी घट्ट सख्य आहे. केसाच्या मुळाशी त्याची वाढ होत असताना रक्तातून आलेला हा अंश केराटिनाला चिकटतो. केस त्वचेबाहेर आला की त्याचा रक्ताशी संबंध तुटतो आणि जे आत अडकले ते तेथेच राहते. डोक्याचा केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे मुळाजवळचे ३ सेंटिमीटर म्हणजे साधारणतः गेले तीन महिने, आणि वीतभर लांबीची वेणी म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाची नोंद, असा हिशेब मांडता येतो.

हा हिशेब अगदी काटेकोर नसतो. डोक्यावरील दहा-पंधरा टक्के केसांची वाढ कोणत्याही वेळी थांबलेली असते आणि ते गळण्याच्या वाटेवर असतात. त्यांच्यामुळे महिन्यांच्या सीमारेषा थोड्या पुसट होतात. तरीही मिथिल पाऱ्याच्या बाबतीत केसातील प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या सुमारे २५० पट असते, आणि हे नाते पुष्कळ अभ्यासांत टिकून राहिले आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या रबरी हातमोज्यावर डायमिथिल पाऱ्याचे काही थेंब सांडले. लक्षणे काही महिन्यांनी दिसू लागली आणि जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या केसाच्या तपासणीत पाऱ्याचा एकच चढ आणि नंतरचा उतार स्पष्ट दिसला. विषाचा संबंध वारंवार आला नसून एकदाच आला, ही गोष्ट त्या केसानेच सिद्ध केली.

नखांची घडणही केराटिनाचीच, परंतु त्यांची चाल संथ. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. पायाच्या अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत यावयास वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून आज कापलेले पायाचे नख आजची नव्हे, तर अनेक महिन्यांपूर्वीची स्थिती सांगते. दीर्घकाळच्या अभ्यासासाठी हा दोष नसून गुण आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याच्या प्रदीर्घ पाहणीत १९८२-८३ मध्ये साठ हजारांहून अधिक परिचारिकांनी आपल्या पायांच्या नखांची कात्रणे टपालाने पाठविली. ती पाकिटांत ठेवून पुढे वर्षानुवर्षे निरनिराळ्या तपासण्यांसाठी उपयोगात आणली गेली. रक्ताचा नमुना इतक्या सहजतेने ना पाठविता आला असता, ना बर्फाविना साठविता आला असता. ग्रामीण भागाच्या दृष्टीने केस व नखे यांचे खरे महत्त्व येथेच आहे. त्यांना सुई नको, शीतपेटी नको, आणि मूल रडण्याचेही कारण नाही.

बंगालच्या कूपनलिका

पाऱ्यापेक्षाही भारताशी निकटचा संबंध आर्सेनिकचा आहे. पटकी-अतिसारापासून सुटका व्हावी म्हणून गंगेच्या खोऱ्यात तळ्याच्या पाण्याऐवजी कूपनलिकांचे पाणी देण्याची मोहीम दीर्घकाळ चालली. हेतू योग्यच होता. परंतु भूगर्भातील गाळाच्या थरांत नैसर्गिक आर्सेनिक आहे आणि ते पाण्यात उतरते, याची कल्पना त्यावेळी नव्हती. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगण्यांतून असे रुग्ण येऊ लागले, की ज्यांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण गाठी आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके होते. काही ठिकाणी त्यांना महारोगी समजून गावाने दूर लोटले होते. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आहे, हे निदान त्यातून पुढे आले.

जादवपूर विद्यापीठाचे प्रा. दीपंकर चक्रवर्ती यांनी नंतर अनेक वर्षे पश्चिम बंगाल, बांगला देश, बिहार इत्यादी भागांत हिंडून पाण्याबरोबरच केस, नखे व मूत्र यांचे हजारो नमुने गोळा केले. केसांत आर्सेनिकचे सर्वसाधारण प्रमाण १ ग्रॅममागे ०.०८ ते ०.२५ मायक्रोग्रॅम मानतात. ते १ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले की विषबाधेची शंका घेतली जाते. नखांत हे सर्वसाधारण प्रमाण ०.४३ ते १.०८ मायक्रोग्रॅम इतके असते. या पाहण्यांतून आढळलेली एक बाब प्रशासनाच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. ज्यांच्या त्वचेवर एकही ठिपका नव्हता, अशा पुष्कळ माणसांच्या केसांत आणि नखांत आर्सेनिक वाढलेले होते. म्हणजे डोळ्यांना दिसणारे रुग्ण मोजून बाधित गावांची यादी केली, तर ती अपुरीच राहणार.

महाराष्ट्राच्या सीमेलगतही असे एक क्षेत्र आहे. गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागड चौकी भागात कौडीकसा व आसपासच्या गावांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दाखविण्यात आले. तेथेही रहिवाशांचे केस व नखे तपासण्यात आली होती. बंगालमध्ये दोष गाळाच्या थरांचा, तर येथे कठीण खडकांचा आहे. राज्याची सीमा खडकांना ठाऊक नसते. तेव्हा सीमेवरील विंधन विहिरींचे पाणी तपासताना फ्लोराइड व क्षारांबरोबर आर्सेनिकचीही चाचणी मागून घेणे शहाणपणाचे होईल. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

फ्लोराइडच्या बाबतीत केसापेक्षा नखाचा उपयोग अधिक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना पिवळट डागाळलेले दात व ताठरलेले सांधे यांचा अनुभव नवा नाही. आहारातील फ्लोराइड वाढले तर नखाच्या मुळाशी त्याचा अंश वाढतो आणि तो भाग वाढत वाढत कापण्याजोग्या टोकाशी येतो. अमेरिकेत एका संशोधकाने महिनाभर रोज ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जादा घेऊन हे पडताळून पाहिले. हाताच्या नखाच्या टोकाशी ती वाढ सुमारे साडेतीन महिन्यांनी दिसली. दातांवरील डाग बालपणी पाणी कसे होते ते सांगतात, नख अलीकडच्या महिन्यांचे सांगते. शुद्धीकरण संयंत्र बसविल्यानंतर गावातील मुले खरोखर त्याचे पाणी पितात की नाही, याची शहानिशा करण्यास दातांचा काहीच उपयोग नाही. नखाचा होऊ शकतो.

केस खोटीही साक्ष देतो

इतके सारे असले तरी केसाच्या तपासणीवर डोळे मिटून विसंबता येत नाही, आणि या विषयावर लिहिणाऱ्यांनी ही बाजू बऱ्याचदा झाकून ठेवली आहे. केस जसा आतून विष घेतो तसा बाहेरूनही घेतो. आर्सेनिकयुक्त पाण्याने जो न्हातो, त्याच्या केसांना ते पाण्यातूनच चिकटते, मग तो ते पाणी पीत असो वा नसो. धुराड्यांच्या परिसरातील धूळ, डोक्याला लावायचा कलप, काही औषधी शाम्पू यांतूनही धातू येतात. प्रयोगशाळेत केस ॲसिटोन व पाण्याने आळीपाळीने धुतात. परंतु बाहेरचे तेवढे जावे आणि आतले तेवढे राहावे अशी धुलाई अद्याप सापडलेली नाही. नखांचेही तसेच. चिखलात रोवणी करणाऱ्याच्या पायाच्या नखाखालची माती, मेंदी, नखांचा रंग या साऱ्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

शिवाय प्रत्येक विषासाठी केस हे योग्य माध्यम नव्हे. शिसे तपासावयाचे तर रक्तच घेतले पाहिजे. पाऱ्याची वाफ हुंगणाऱ्या कामगाराची, अथवा गोरेपणाच्या मलमातून पारा शरीरात गेल्याचा संशय असेल त्याची, मूत्रतपासणी करावी. कारण तो पारा मिथिल स्वरूपाचा नसतो व केसांत भरवशाने उतरत नाही. कालपरवा झालेली आर्सेनिकची बाधा मूत्रात दिसते, केसात नव्हे, कारण तो केस अजून त्वचेबाहेर आलेलाच नसतो. सर्व रोगांचे निदान एका बटेवरून करून देण्याच्या जाहिराती सर्वत्र आढळतात. १९८५ मध्ये अमेरिकेत दोन निरोगी किशोरवयीन मुलींचे केस तेरा व्यापारी प्रयोगशाळांकडे पाठविण्यात आले असता अहवालांचा एकमेकांशी मेळ बसला नाही. २००१ मध्ये सहा प्रयोगशाळांची अशीच परीक्षा घेण्यात आली, तेव्हाही निष्कर्ष फारसा निराळा निघाला नाही. अशा अहवालावरून कोणास औषध देणे वा कोणा गावास भयभीत करणे सर्वस्वी गैर आहे.

आकडा बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण नेपोलियनचे. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर त्याचा मृत्यू झाला. १९६१ मध्ये त्याच्या केसांत आर्सेनिक आढळल्यावर त्याला विष घातले गेले, या तर्काने जोर धरला. पुढे २००८ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी त्याच्या बालपणचे, एल्बा बेटावरील वास्तव्यातील व अखेरचे केस, तसेच त्याच्या मुलाचे व सम्राज्ञी जोसेफिनचे केस अणुभट्टीत ठेवून एकाच पद्धतीने तपासले. सर्वांतच आर्सेनिक आजच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक निघाले. त्या काळच्या राहणीतच ते भरलेले होते! तेव्हा संशयित गावाचे नमुने घेताना, ज्या गावचे पाणी निर्दोष आहे अशा शेजारच्या गावाचेही नमुने घेतले नाहीत, तर पहिल्या गावाच्या आकड्यास काही अर्थ राहत नाही.

नमुना कसा घ्यावा?

हे काम तज्ज्ञांचे असले तरी ते गावात पार पडते शिक्षक, आरोग्यसेविका आणि पंचायत सदस्य यांच्याच साहाय्याने. नमुना डोक्याच्या मागील भागातून, मानेच्या वर, टाळूला अगदी लगटून कापावा. सुमारे शंभर केस पुरतात. ते ओढून वा वस्तऱ्याने काढू नयेत. स्वच्छ, न गंजलेली कात्री पुरेशी आहे. बट कापण्यापूर्वीच दोऱ्याने बांधून मुळाचे टोक कोणते याची खूण करावी. ही खूण राहिली नाही तर सेंटिमीटरचा हिशेब उलटा होतो, आणि गेल्या महिन्याचे विष वर्षापूर्वीचे ठरते. न्हाव्याच्या दुकानात खाली पडलेले केस या कामासाठी निरुपयोगी होत. नखे घेताना हात-पाय साबणाने धुऊन, दहाही बोटांची कात्रणे एका कोऱ्या कागदी पाकिटात घालावीत. हातांची व पायांची वेगळी.

पाकिटावरील नावापेक्षा त्यासोबतचा तक्ता अधिक महत्त्वाचा असतो. पिण्याचे पाणी कोठले, अंघोळीचे कोठले, केसांना कलप वा मेंदी लावली काय, मासे किती खाल्ले जातात, तंबाखूची सवय आहे काय, हे सारे त्यात हवे. आणखी एक प्रश्न महाराष्ट्रात विसरता कामा नये. बीड वा अहिल्यानगर जिल्ह्यातून ऊसतोडीस गेलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते व उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. एप्रिलमध्ये त्यांचा नमुना घेतला, तर मुळाजवळचे पाच-सहा सेंटिमीटर केस कारखान्याच्या परिसरातील पाण्याची हकीकत सांगतील, स्वतःच्या गावाची नव्हे. तान्ह्या मुलाचे जावळ हा अनेकांना सोयीचा नमुना वाटतो. जन्मतःच असलेले केस गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत वाढलेले असतात, हे खरे. पण जावळ काढण्याच्या वेळेपर्यंत त्यातील बरेचसे गळून नवे आलेले असतात.

प्रयोगशाळेत केस आम्लात विरघळवून वर्णपटमापक यंत्रावर धातूंचे प्रमाण मोजतात, किंवा अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्यांना किरणोत्सारी करून ओळखतात. दोन्ही पद्धतींत, ज्यातील प्रमाण आधीच निश्चित केलेले आहे असा प्रमाणित केस सोबत तपासावा लागतो. अहवाल मागविताना ही तपासणी केली होती काय, असे लेखी विचारण्याचा अधिकार नमुने पाठविणाऱ्या कार्यालयास आहे, व तो त्याने वापरावा.

नमुने नेले पण उत्तर आले नाही, ही ग्रामस्थांची तक्रार जुनी आहे आणि ती अनाठायी नाही. जपानमध्ये मिनामाटा येथे पाऱ्याच्या विषबाधेचा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. १९६० पासून शिरानुई समुद्रकाठच्या कोळ्यांचे केस तपासण्यात आले. गोशोनौरा बेटावरील एका स्त्रीच्या केसांत १ ग्रॅममागे ९२० मायक्रोग्रॅम इतका पारा निघाला. पाहणी काही वर्षांनी थांबली, आकडे अहवालात पडून राहिले, त्या माणसांच्या प्रकृतीचा पाठपुरावा झाला नाही. आणि पारा सोडणारी कारखान्यातील प्रक्रिया १९६८ पर्यंत चालूच राहिली. यास्तव नमुना घेण्यापूर्वी ज्याचा तो आहे त्याची संमती, बालकाबाबत आई-वडिलांची संमती, आणि निष्कर्ष कोण, केव्हा व कोणत्या भाषेत सांगणार याची ग्रामसभेपुढे नोंद, या गोष्टी आधी उरकाव्यात. व्यक्तीचा आकडा त्या व्यक्तीलाच सांगावा; गावासमोर केवळ वस्तीवार स्थिती मांडावी. एरवी ज्या घरात प्रमाण अधिक निघते त्या घरच्या मुलींची लग्ने अडतात, असा अनुभव आर्सेनिकग्रस्त भागांत आलेला आहे.

पाण्याचे साधन बदलल्यानंतर हीच तपासणी पुन्हा करावयाची असते. केसांची सहा महिन्यांनी, पायांच्या नखांची वर्ष-दीड वर्षाने. पश्चिम बंगालमध्ये पाच कुटुंबांना दोन वर्षे पिण्यास निर्दोष पाणी देऊन पाहण्यात आले, तेव्हा मूत्र, केस व नखे यांतील आर्सेनिक कमी झाले, पण सर्वसाधारण पातळीवर आले नाही. चौकशी करता असे दिसले की, भाज्या जुन्याच पाण्यावर पिकत होत्या, अन्नपदार्थ त्याच पाण्याने धुतले जात होते, आणि घराबाहेर कामास गेल्यावर जवळ असेल त्या नळाचे पाणी तोंडाला लावले जात होते. तेव्हा सहा महिन्यांनंतरही मुळाजवळच्या केसांत प्रमाण उतरले नाही, तर नव्या योजनेचे पाणी वाईट आहे असे लगेच म्हणू नये. प्रथम घरोघर जाऊन जुन्या हापशाची कळशी कोणत्या कामासाठी अजून भरली जाते, ते विचारावे.